बायाचें बुडालेलें नगर

इतिहासाचा अभ्यास हें बहुधा बसून करावयाचें काम आहे. ग्रंथ, पत्रें, नाणीं, शिलालेख, आणि फार झालें तर एखाद्या पडक्या किल्ल्यापर्यंतची पायपीट, एवढ्यांत इतिहासाच्या शिक्षकाचें आयुष्य सरतें. माझेंहि तसेंच सरत आलें होतें. छत्तीस वर्षें रोमचा इतिहास शिकवून मी निवृत्त झालों, आणि वयाच्या एकोणसाठाव्या वर्षीं, पाठीवर हवेचें नळकांडें बांधून, ज्या नगराविषयीं मी इतकीं वर्षें बोलत आलों त्याच्या फरशीवर समुद्राच्या तळाशीं गुडघे टेकून बसलों. ही हकीकत सांगावीशी वाटते ती धाडसाकरितां नव्हे. धाडस तींत थोडेंच होतें. शिकवतांना मी एक चूक वर्षानुवर्षें करीत आलों होतों, ती त्या प्रवासांत माझ्या पदरीं आली, म्हणून हा लेखनप्रपंच.

त्या नगराचें नांव बाया. नेपल्सच्या पश्चिमेस पोत्सुओलीचा उपसागर आहे. त्याच्या पश्चिम कांठावर हें गांव वसलेलें आहे. भोंवतालची सारी भूमि ज्वालामुखीची. तिच्या प्राचीन नांवाचा अर्थच ‘जळतीं शेतें’ असा होतो. जागोजाग ऊन पाण्याचे झरे आहेत. आपल्याकडे लोक दुखरे सांधे घेऊन वज्रेश्वरीच्या कुंडांवर जातात, तसे रोमचे लोक बायास जात. मात्र वज्रेश्वरीस देवीचें दर्शन असतें, बायास चैन असे. ज्युलियस सीझरचा येथें वाडा होता. पुढें बादशहांचे राजवाडे झाले. इ. स. ३९ मध्यें कॅलिग्युलानें गलबतांची रांग लावून उपसागरावर पूल केला आणि त्यावरून घोडा दौडविला. इ. स. ५९ मध्यें नीरोनें आपल्या आईला उत्सवाच्या निमित्तानें येथें बोलावून घेतलें. तिची होडी बुडविण्याचा डाव फसला, तेव्हां मारेकरी धाडून तिचा वध करविला. इ. स. १३८ मध्यें हेड्रियन बादशहानें येथेंच देह ठेविला. तत्त्ववेत्ता सेनेका एकदां बायास आला आणि दुसऱ्याच दिवशीं निघून गेला. किनाऱ्यावर झोकांड्या खाणारे मद्यपी आणि होड्यांतील गाणेंबजावणें त्यास सोसवेना, असें त्यानें एका पत्रांत लिहून ठेविलें आहे.

हें नगर पुढें पाण्याखालीं गेलें. एवढी सामग्री हातीं असतां मोह कोणता शिक्षक आवरील? मी दरवर्षीं सेनेकाचा तिटकारा वर्णन करीं, नीरोचें पातक सांगें, आणि शेवटीं आवाज किंचित खालीं आणून म्हणें, “आणि मग समुद्रानें तें नगर गिळलें.” वर्गांत शांतता पसरे. मौसलपर्वांतील द्वारका आपल्या मुलांना ठाऊक असते. यादव माजले, आपसांत लढून मेले, आणि समुद्र नगरांत शिरला, ही कथा ज्यांनीं आजीच्या मांडीवर ऐकली त्यांना बायाचें तात्पर्य निराळें समजावून द्यावें लागत नसे. एका वर्षीं मात्र मागच्या बांकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, तिथल्या गरिबांची घरंही बुडाली का?” वर्ग हंसला. मीहि हंसलों, आणि तास संपत आला होता म्हणून पुढच्या प्रकरणाकडे वळलों.

माझी कन्या रोममध्यें नोकरी करते. गेल्या खेपेस तिच्याकडे गेलों तेव्हां ती म्हणाली, “बाबा, इतकी वर्षं शिकवलंत, एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघून तर या.” मला वाटलें, कांचेच्या बुडाची होडी असेल. तशी होडी तेथें असतेहि. पण कन्येनें माझें नांव भलत्याच यादींत घातलें होतें.

इटलींत पहिल्या बुडीला ‘बाप्तिस्मा’ म्हणतात. प्रकृतीविषयींच्या प्रश्नांचा एक कागद भरून दिल्यावर आमच्या मार्गदर्शिकेनें मला धक्क्यावर बसवून तासभर धडा दिला. ही पोत्सुओलीचीच तिशींतली बाई. तिनें सांगितलें, नळकांड्यांत लोक समजतात तसा शुद्ध प्राणवायु नसतो. आपली नेहमींचीच हवा दाबून भरलेली असते. पाण्यांत दहा मीटर खालीं गेलें कीं अंगावरील दाब दुप्पट होतो. म्हणून उतरतांना नाक चिमटींत धरून हलकेंच फुंकावयाचें, म्हणजे कानांना इजा होत नाहीं. आणि वर येतांना श्वास कधींहि कोंडावयाचा नाहीं; कारण दाब कमी होतांच छातींतील हवा फुगते व फुप्फुसें फाटण्याची भीति असते. सर्व नियमांत पहिला नियम एवढाच कीं, श्वास चालू ठेवावा. पन्नासावर वर्षें जें मी न शिकतां करीत होतों तें मला नव्यानें शिकावें लागलें.

हें साधन फार जुनें नाहीं. १९४३ सालीं कूस्तो व गान्यां या दोघां फ्रेंच गृहस्थांनीं तें सिद्ध केलें. तें हातीं आल्यावर, १९५९-६० मध्यें, बायाच्या पाण्याखालील अवशेषांची पहिली पद्धतशीर पाहणी सुरू झाली. १९६९ सालीं पुंता एपिताफियो या भूशिराजवळ दोन पुतळे दृष्टीस पडले. १९८१ पासून तेथें पाण्याखालीं उत्खनन होऊन क्लॉडियस बादशहाचें भोजनगृह उजेडांत आलें. २००२ सालीं हा सर्व भाग संरक्षित झाला; आतां तेथें परवानगी असलेल्या मार्गदर्शकावांचून कोणास उतरतां येत नाहीं.

रबरी पोशाख, शिशाच्या वजनांचा पट्टा आणि पायांना रबरी पंख अशा थाटांत मी होडीच्या कडेवरून पाण्यांत पडलों. पहिलीं दोन मिनिटें वाईट गेलीं. नळींतून हवा येत होती, पण ती येईल असा विश्वास येत नव्हता. मी घाईघाईनें श्वास घेऊं लागलों. जितकी घाई करावी तितकी हवा अपुरी वाटे. मार्गदर्शिकेनें माझे दोन्ही हात धरले आणि स्वतःचा श्वास मला दिसेल अशा संथपणें सोडूं लागली. तिच्या बुडबुड्यांच्या तालावर माझा श्वास हळूहळू बसला. मला फार बरें वाटलें, आणि तें कळवावें म्हणून मी आंगठा वर केला. तिनें तत्काळ मला वर नेण्यास आरंभ केला! पाण्याखालीं आंगठा वर करणें म्हणजे ‘मला वर न्या’ असा अर्थ होतो. ‘ठीक आहे’ म्हणण्यासाठीं आंगठा व तर्जनी जुळवून वर्तुळ करावयाचें असतें. तासभरापूर्वींच शिकलेला धडा मी विसरलों होतों. विद्यार्थ्यांना विसराळूपणाबद्दल मीं दिलेल्या सर्व शिक्षा मला त्या क्षणीं आठवल्या.

पांच मीटरांवर तळ लागला. पाणी हिरवट होतें व दृष्टि फार लांब पोंचत नव्हती. वाळूंतून भिंती गुडघाभर वर आलेल्या दिसत होत्या. जोतें पाहून घर ओळखण्याची आपल्याला संवय असते; येथेंहि हा उंबरठा, हें दालन, ही वाट, असें ओळखूं येऊं लागलें. मार्गदर्शिकेनें एका ठिकाणीं गुडघे टेकले, मलाहि टेकावयास लावले, आणि पंख्यासारखा हात हलवून वाळू बाजूस सारली. खालीं पांढऱ्या-काळ्या खड्यांची षट्कोनी नक्षी होती. एक खडाहि हललेला दिसत नव्हता. जेवणाच्या पानाभोंवतीं काढलेल्या रांगोळीइतकी ती ताजी होती. आम्ही ती कांहीं वेळ पाहिली. मग तिनें वाळू पुन्हा तिच्यावर ओढून घेतली, कारण उघड्या राहिलेल्या फरशीला पाण्यांतील किडे व शिंपले पोखरतात.

तेथून आम्ही क्लॉडियसच्या भोजनगृहावर गेलों. मूळ पुतळे आतां बायाच्या किल्ल्यांतील संग्रहालयांत आहेत. पाण्यांत त्यांच्या प्रतिकृति उभ्या केल्या आहेत. टोंकाच्या कोनाड्यांत युलिसिस एका डोळ्याच्या राक्षसापुढें मद्याचा पेला धरतो आहे, त्याचा सोबती मद्याची पखाल घेऊन उभा आहे, आणि राक्षस मात्र नाहींसा झाला आहे. या दालनाच्या मधोमध पाणी खेळविलेलें असे आणि त्याच्या कांठीं मंचकांवर पाहुणे रेलत. पाणी घरांत आणावयाची त्यांना हौस होती!

असें उपरोधाचें वाक्य मनांत जुळत असतांनाच मला तो मागच्या बांकावरचा मुलगा आठवला.

समुद्र येथें चढून आला नाहीं; जमीन खचली, आणि तीहि एका रात्रींत नव्हे. याचा साक्षीदार पोत्सुओलीच्या बाजारपेठेच्या अवशेषांत उभा आहे. १७५० सालीं तेथें सेरापिस देवतेची मूर्ति सांपडली म्हणून लोक त्या जागेला देऊळ समजूं लागले. तेथील तीन संगमरवरी खांबांवर सुमारें सात मीटर उंचीपर्यंत समुद्रांतील शिंपल्यांनीं पाडलेलीं भोंकें आहेत. शिंपले हवेंत राहत नाहींत. म्हणजे खांब उभेच्या उभे तेवढे पाण्यांत गेले आणि उभेच्या उभे पुन्हा वर आले. भूगर्भशास्त्रज्ञ लायेल यानें १८३० सालीं आपल्या प्रसिद्ध ग्रंथाच्या आरंभीं याच खांबांचें चित्र छापलें. भूमीच्या पोटांतील वायु, ऊन पाणी व शिलारस यांचा दाब वाढला कीं येथील जमीन फुगते. तो ओसरला कीं खचते. १५३८ सालीं ती फुगून फुटली आणि सुमारें आठवड्याभरांत एक नवा डोंगर उभा राहिला; त्याचें नांवच ‘नवा डोंगर’ असें पडलें आहे.

बाया खचूं लागलें तें साम्राज्याच्या उत्तरकाळीं. तेव्हां सेनेकाला मरून दोन शतकांहून अधिक काळ लोटला होता. ज्यांच्या झोकांड्या पाहून तो विटला त्यांच्या घरांत पाणी आलेंच नाहीं. पाणी आलें तें पुढच्या कित्येक पिढ्यांच्या घरांत, आणि त्या कशा वागत होत्या याची चौकशी मीं कधीं केली नव्हती.

शिवाय ज्या भूमीनें हें नगर बुडविलें तिनेंच तें वसविलें होतें. ऊन झरे तिचेच. त्याहून मोठें तिचें देणें म्हणजे येथील राख. चुन्यांत ही राख मिसळली कीं चुना पाण्याखालींहि दगडासारखा धरतो. व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकारानें बायाच्या परिसरांतील या मातीचें वर्णन केलें आहे. पोत्सुओलीच्या नांवावरून तिला आजहि पोत्सोलाना म्हणतात. याच राखेवर रोमनांनीं समुद्रांत धक्के बांधले. पॅलेस्टाइनमध्यें हेरोद राजानें सिझेरिया बंदर बांधलें तेव्हां ती गलबतांतून तेथवर नेली.

दुसऱ्या दिवशीं आम्ही लुक्रिनो सरोवरासमोर गेलों. येथें इ. स. पूर्वी ३७ मध्यें अग्रिप्पानें आरमारासाठीं बंदर बांधलें. आरमार पुढें मिसेनमला गेलें आणि ही जागा व्यापाराकडे आली. या वेळीं मी नळकांडें न घेतां वरच्यावर तरंगत पाहत होतों. खालीं राजवाडे नव्हते. एकाला एक लागून असलेल्या कोठारांच्या व दुकानांच्या भिंती होत्या. येथें पोतीं वाहणारे हमाल वावरले असतील, मोजदाद करणारे कारकून बसले असतील. पूर्वेकडचा माल याच उपसागरांत उतरे. २०२३ सालीं येथून जवळच पाण्याखालीं, अरबस्तानच्या वाटेनें व्यापार करणाऱ्या नबाती लोकांच्या देवळांतील दोन संगमरवरी वेद्या सांपडल्या. त्या व्यापाराचें दुसरें टोंक आपल्याकडे होतें. कल्याण व सोपारा हीं बंदरें त्या काळच्या ग्रीक नाविकाच्या वहींत नोंदलेलीं आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सांपडलेली, समुद्रदेवाची लहानशी रोमन कांस्यमूर्ति मीं विद्यार्थ्यांसह अनेकदां पाहिली होती. ती इकडून तिकडे पोंचली ती असल्याच हातांतून. त्या हातांच्या मालकांचीं घरें, कोठारें आणि दुकानें राजवाड्यांच्या इतकींच खोल गेलीं आहेत.

परततांना मार्गदर्शिकेनें पोत्सुओलीचा जुना धक्का दाखविला. लहान होड्या चिखलांत बसल्या होत्या. २००५ पासून जमीन पुन्हा वर येत आहे, त्यामुळें पाणी उथळ झालें आहे. २ मार्च १९७० रोजीं तेथील सर्वांत जुनी वस्ती सरकारनें रिकामी करविली. तींत तिच्या आजीचें घर होतें. १९८२ ते ८४ या काळांत जमीन सुमारें १.८ मीटर उचलली गेली आणि सुमारें चाळीस हजार लोकांना घरें सोडावीं लागलीं. २० मे २०२४ रोजीं ४.४ तीव्रतेचा धक्का बसला. मीं विचारलें, “मग तुम्ही येथें राहतां कशा?” ती म्हणाली, “आईला दुसरीकडे झोप येत नाही.” तिच्या आईनें कोणतें पाप केलें, असें कोणी मला विचारलें असतें तर मी काय उत्तर देणार होतों?

पापानें नगरें बुडतात ही समजूत सोईची आहे. ती बाळगली म्हणजे बुडालेल्यांविषयीं कळवळा वाटण्याचें कारण उरत नाहीं, आणि आपण कोरडे आहों त्याचें श्रेयहि आपल्यालाच मिळतें. नीतीचे धडे देऊं नयेत असें मी म्हणत नाहीं. नीरोनें मातृहत्या केली ती केलीच. पण त्याचा न्याय समुद्राकडून करवून घेणें हें इतिहासाचें काम नव्हे.

त्या विद्यार्थ्याचें नांव मला आठवत नाहीं. आतां तो चाळिशीच्या पुढें असेल, आणि हें मासिक त्याच्या घरीं येत असेल असेंहि नाहीं. तरी त्याचें उत्तर देणें माझ्याकडे राहिलें आहे. होय, तेथील गरिबांचीं घरेंहि बुडालीं. मीं त्या दिवशीं हंसावयास नको होतें.