रक्ताचा गुण

कॉलेजात असताना मी व्यायाम केला नाही, याचं खापर मी बिनदिक्कत जातीवर फोडत असे. ‘आम्हा कोकणस्थांचं हाडच बारीक!’ हॉस्टेलात शेजारच्या खोलीतला सरदारजी पहाटे उठून जोर काढी. ‘त्याचं रक्तच वेगळं,’ असं म्हणून मी कूस बदलत असे.

पुढे चरित्रं वाचण्याचा नाद लागला आणि ही सबब गेली. टिळक रत्नागिरीचे, कोकणस्थ आणि प्रकृतीनं किरकोळ. १८७३ च्या सुमारास डेक्कन कॉलेजात गेल्यावर पहिलं वर्ष त्यांनी पुस्तकं बाजूला सारून शरीर कमावलं आणि परीक्षेत नापास झाले. (नापास मीही झालो, पण माझ्याकडे दाखवायला दंड नव्हते!) पुढे १९०८ ते १९१४ चा मंडालेचा तुरुंगवास त्याच कमावलेल्या शरीरानं सोसला.

गांधीजींची तऱ्हा उलटी. राजकोटच्या शाळेत व्यायाम सक्तीचा, तर हे टाळत. घरी जाऊन वडिलांची सेवा करायची असे. १८८८ मध्ये बॅरिस्टर व्हायला लंडनला गेले आणि दिवसाला आठ-दहा मैल चालू लागले. का? तर गाडीभाडं वाचावं म्हणून! हेडमास्तरांना जे जमलं नाही, ते खिशानं करून दाखवलं.

रणजितसिंहजींपाशी हौस होती आणि खर्च करायची तयारीही होती. केंब्रिजात आडवं आलं ते कातडं. काळ्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या संघात घ्यायचं कसं? बिचारे पार्कर्स पीसच्या मोकळ्या मैदानावर गावातल्या लोकांत खेळत राहिले. १८९३ मध्ये एकदाची संघात जागा मिळाली. १८९६ मध्ये इंग्लंडतर्फे पहिल्याच कसोटीत नाबाद १५४! पण रणजींइतकी चिकाटी नसलेले किती जण मैदानाच्या फाटकावरूनच परतले असतील, त्याची नोंद कुठल्याही स्कोअरबुकात सापडायची नाही. त्यांच्याबद्दलही कुणीतरी म्हणालंच असेल, ‘यांच्या रक्तातच नाही हो!’

पंचवीस वर्षांनी तो सरदारजी दादर स्टेशनवर भेटला. मी त्याच्या रक्ताचं कौतुक केलं, तर तो खो खो हसला. ‘अरे यार, खून-वून कुछ नहीं!’ त्याचा थोरला भाऊ वरच्या मजल्यावर राही. पाचला उठलं नाही की तोंडावर गार पाण्याचा तांब्या!

घरी येऊन मी ही हकिगत मोठ्या हौसेनं बायकोला सांगितली. ती काही बोलली नाही. नुसती हसली. रात्री उशाशी नेहमीप्रमाणे पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला होता. मी तो मुकाट्यानं उचलला आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.