खाणावळ, इराणी, उडुपी : मुंबईतील भोजनगृहांची नावे

शिवणावळ, दळणावळ, धुणावळ ह्या शब्दांतील प्रत्यय कामाचा मोबदला दर्शवितो. ‘खाणावळ’ हा शब्दही त्याच घडणीचा असून, भोजनाचे पैसे व भोजनाचे स्थळ असे त्याचे दोन्ही अर्थ रूढ आहेत. १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन झाली. पुढे कोकणातून व घाटावरून एकटे आलेले कामगार दरमहा पैसे भरून अशा खाणावळींत जेवू लागले.

नंतरची नावे निराळ्या घडणीची आहेत. ‘इराणी’ हे मालकाच्या मूळ देशावरून पडले, तर ‘उडुपी’ हे आचाऱ्याच्या गावावरून. जेवणाऱ्याचा निर्देश मात्र कोणत्याच नावात नाही. वस्तुतः पंगतीचा प्रश्न त्याच्याच जातीशी निगडित होता. खाणावळीची पंगत बहुधा एका गावाची वा जातीची असे. इराण्याकडे नाना धर्मांचे व जातींचे गिऱ्हाईक येई. जातीच्या कारणास्तव उपाहारगृहात कोणासही मज्जाव करता येणार नाही, हे १९५० साली अंमलात आलेल्या संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने ठरविले.

सारांश, भोजनगृहांचा इतिहास केवळ त्यांच्या नावांवरून लिहिल्यास दाराबाहेर थांबावे लागलेली माणसे त्यातून गळतील.