हृदयाच्या झडपेचा इतिहास

विंचूरचे नाव निघाले की आम्हांस पानिपतावर लढलेले विठ्ठल शिवदेव आठवतात. तथापि अशा गावांच्या इतिहासात रोगांचाही एक अध्याय असतो, व तो क्वचितच लिहिला जातो. बालपणी घसा दुखतो, मागून संधिज्वर येतो, आणि पुढे काही वर्षांनी हृदयाच्या द्विदल झडपेच्या कडा चिकटून तिची वाट अरुंद होते. मग चार पायऱ्या चढतानाही दम लागतो.

ही वाट मोकळी करण्याचे साहस लंडनचे शस्त्रवैद्य हेन्री सूटर यांनी १९२५ साली केले. धडधडत्या हृदयात बोट घालून त्यांनी एका मुलीची झडप रुंदावली. मुलगी वाचली; परंतु त्यानंतर कोणीही त्यांजकडे असा दुसरा रोगी धाडला नाही! अमेरिकेत बेली व हार्केन आणि इंग्लंडात ब्रॉक यांनी तोच मार्ग पुन्हा धरला तो १९४८ साली.

१९८२ साली जपानचे कांजी इनोउए यांनी छाती न उघडता, जांघेतील शिरेवाटे हृदयात शिरून, मधला पडदा भेदून, झडपेत फुगा फुगविला. चिकटलेल्या कडा विलग झाल्या. १९८५ साली भारतातील तरुण रोग्यांवरील अशाच उपचाराचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत दिल्लीचे डॉ. खलीलुल्ला होते. बोट काय नि फुगा काय, तत्त्व एकच. सूटर यांस उणे पडला तो समव्यावसायिकांचा विश्वास.

मात्र फुग्याने वाट उघडते, मूळ रोग जात नाही. जंतुजन्य घसादुखीवर वेळीच पेनिसिलिन मिळाल्यास संधिज्वर बहुधा टळतो. म्हणून विंचूरच्या शाळेतील मुलाचा घसा दुखू लागला, तर त्याकडे दुर्लक्ष होता कामा नये, एवढेच आम्हांस सुचवावयाचे आहे.