चिकोडीचा फेरफार

लढाईच्या धामधुमीत निष्ठेची ओढाताण दाखवणारी एखादी ऐतिहासिक कादंबरी सांगा, असं निपाणीत कुणी म्हटलं की मी रणजित देसाईंची ‘स्वामी’ सांगतो. समोरचा हमखास म्हणतो, रमा-माधवाचीच ना? मालिका बघितलीय आम्ही. तर या खेपेला रमाबाईंना जरा बाजूला ठेवा आणि राघोबादादांवर डोळा ठेवून वाचा.

१७६२च्या नोव्हेंबरात दादा निजामाची कुमक घेऊन पुतण्यावर चालून आले. सतरा वर्षांचे पेशवे माधवराव शेवटी आपणहून काकांच्या छावणीत गेले. आता सरदारांनी मुजरा करायचा तो कुणाला? गोपाळराव पटवर्धनांचं मिरज दादांनी घेतलं, तसे गोपाळराव उठून, आता पेशव्यांवर उलटलेल्या निजामाला मिळाले. राक्षसभुवनाच्या लढाईनंतर, १७६३ साली, मिरज त्यांना परत मिळालं. त्यांना फितूर म्हणणारे म्हणोत, माझी जीभ काही तो शब्द उच्चारायला रेटत नाही.

आमच्याकडे हा पेच जुनाच. चिकोडी आणि मनोळी या तालुक्यांवरून कोल्हापूरचे करवीरकर आणि पेशवे यांचं वर्षानुवर्षं भांडण. १८१२च्या तहात इंग्रजांनी कोल्हापूरला त्यांवरचा हक्क सोडायला लावला. १८१८च्या एप्रिलात इंग्रजांच्या मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला, पेशवाई बुडाली, आणि निपाणीच्या आपा देसायांकडचे हेच तालुके काढून कोल्हापूरला बक्षीस दिले; कोल्हापूर इंग्रजांच्या बाजूने राहिलं होतं ना! काही वर्षांत इंग्रजांनी तेही काढून घेतले. तेव्हा सातबारा असता तर तलाठ्याचं फेरफाराचं रजिस्टर पुरलं नसतं.

‘स्वामी’कार रणजित देसाई कोवाडचे, ताम्रपर्णीकाठचे. कोवाड चंदगड तालुक्यातलं, आणि चंदगड १९५६पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. निपाणी, चिकोडी म्हैसुरात. सहा वर्षांनी, १९६२ साली, ‘स्वामी’ आली. १९६४ला तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जिल्ह्याची ती फाळणी आणि ‘स्वामी’ यांची गाठ मारणं हा माझा आगाऊपणा समजा.

आमच्या आजोळच्या ट्रंकेत एक जुनं खरेदीखत आहे. त्यावर अजून ‘चंदगड, जिल्हा बेळगाव’ असंच लिहिलेलं आहे.