गेला होता की निघून गेला होता?

१९ जुलै १९४८ रोजी भारत सरकारने एक वटहुकूम काढला. पश्चिम पाकिस्तानातून भारतात येणाऱ्या प्रत्येकाजवळ त्या दिवसापासून परमिट असणे सक्तीचे झाले. त्याआधी कराचीहून मुंबईला बोटीने यायला किंवा लाहोरहून दिल्लीला यायला तिकिटापलीकडे काही लागत नव्हते. पुढे ऑक्टोबरात पाकिस्ताननेही आपल्या बाजूने असाच कायदा केला. फाळणी १५ ऑगस्ट १९४७ ची, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण हजारो मुसलमान कुटुंबांची फाळणी या दुसऱ्या तारखेला झाली. तिच्याविषयी आपण फारसे बोलत नाही.

वटहुकूम का निघाला, हे आधी समजून घ्यायला हवे. १९४७ च्या दंगलीत दिल्ली, पूर्व पंजाब आणि आसपासच्या भागातले मुसलमान जीव मुठीत धरून पळाले. कोणी पुराना किल्ल्यातल्या छावणीत राहिले, कोणी तिथून रेल्वेने लाहोरला गेले. सगळ्यांनीच काही देश सोडण्याचा निश्चय केलेला नव्हता. ‘वातावरण निवळले की परत येऊ’ म्हणून घराला कुलूप लावून गेलेलेही पुष्कळ होते. १९४८ च्या उन्हाळ्यात थोडी शांतता झाल्यावर त्यांतले लोक परतू लागले. तोवर त्यांच्या घरांत पंजाब आणि सिंधमधून लुटून आलेले हिंदू-शीख निर्वासित राहायला आले होते. त्यांचाही दोष नव्हता. एका घराचे दोन हकदार, आणि दोघेही उद्ध्वस्त. सरकारने यावर जो मार्ग काढला तो सोपा होता. जे परत येत आहेत त्यांना दारातच अडवायचे आणि एकेकाला तपासून आत घ्यायचे.

परमिटांचे प्रकार होते. थोड्या दिवसांच्या भेटीसाठी एक, वारंवार ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी एक, आणि कायमचे परत येऊन वसण्यासाठी एक. ही परमिटे कराचीतल्या भारतीय हायकमिशनरच्या आणि लाहोरच्या डेप्युटी हायकमिशनरच्या कचेरीतून मिळत. भेटीचे परमिट त्यातल्या त्यात सुलभ होते. कायमच्या परतीचे मात्र दुर्मीळ. त्यासाठी सरकारची आगाऊ संमती लागे. साहजिकच लोक मिळेल ते परमिट घेऊन निघाले. आई आजारी आहे, बायको इकडे राहिली आहे, दुकान बंद पडले आहे. एकदा घरी पोहोचू, मग पुढचे पुढे. हीच गोष्ट त्यांना पुढे नडली. भेटीच्या परमिटावर आलेला माणूस ‘मी इथलाच’ म्हणू लागला की अधिकारी त्याच्याच कागदावर बोट ठेवत. तूच लिहून दिले आहेस ना, की तू पाहुणा आहेस?

संविधान सभेत ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाची कलमे चर्चेला आली तेव्हा हा विषय पेटला. डॉ. आंबेडकरांनी सुरुवातीलाच सांगितले की, एखादा अपवाद वगळता दुसऱ्या कोणत्याही कलमाने मसुदा समितीला इतकी डोकेदुखी दिली नाही. सातव्या कलमाचा मुख्य भाग कठोर होता. १ मार्च १९४७ नंतर जो भारतातून पाकिस्तानात स्थलांतरित झाला, तो भारताचा नागरिक मानला जाणार नाही. पण त्याला एक सवलत जोडलेली होती. अशी व्यक्ती पुन्हा वसण्यासाठी किंवा कायमच्या परतीसाठी दिलेल्या परमिटावर आली असेल, तर तिला १९ जुलै १९४८ नंतर आलेल्या स्थलांतरितांसारखे मानून नोंदणीने नागरिक होता येईल. या सवलतीवरच काही सदस्य तुटून पडले. एकदा गेलेल्यांना परत कशाला घ्यायचे, हा सूर होता.

आपल्या विदर्भाचे पंजाबराव देशमुख यांचा आक्षेप वेगळ्या दिशेचा होता. या तरतुदींमुळे भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल, असे ते म्हणाले. दुसऱ्या कोणत्याही देशाचा नागरिक नसलेला प्रत्येक हिंदू आणि शीख भारताचा नागरिक मानावा, अशीही त्यांची सूचना होती. बहुजनांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या या माणसाकडून अशी सूचना यावी, याचे आजही आश्चर्य वाटते. पण ती सभेच्या कामकाजात नोंदलेली आहे. ती सभेने स्वीकारली नाही. नेहरूंनी परमिटवाल्यांची सवलत उचलून धरली आणि सवलत राहिली. धर्माच्या नावाने यादी करून नागरिकत्व देणारा कायदा भारतात यायला २०१९ साल उजाडावे लागले.

सवलत राहिली खरी, पण तिचा सगळा भार एका कागदावर पडला. तो कागद कोणाला द्यायचा हे संविधानाने नव्हे, कचेरीने ठरवायचे होते. गयेच्या एका जमीनदार घराण्यातील राणीचा खटला मला या संपूर्ण काळाचा आरसा वाटतो. ती जुलै १९४८ मध्ये कराचीला गेली. उपचारासाठी गेले होते, असे तिचे म्हणणे. डिसेंबरात ती तात्पुरत्या परमिटावर परतली आणि मुदत संपताच एप्रिल १९४९ मध्ये पुन्हा गेली. दरम्यान तिची मालमत्ता ‘निष्क्रांत’ ठरवून कस्टोडियनने ताब्यात घेण्याची कारवाई सुरू झाली. मे १९५० मध्ये तिला हायकमिशनमधून कायमच्या परतीचे परमिट मिळाले. दोन महिन्यांनी तेच परमिट रद्द झाले. कारण काय, तर आवश्यक ती संमती न घेता ते चुकून दिले गेले! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५५ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की सातवे कलम पाचव्यावर मात करते; नवरा भारतातच राहिला, जन्म भारतातच झाला, याने फरक पडत नाही. स्थलांतर झाले होते आणि वैध परमिट नव्हते. राणी हरली. वकील लावू शकणाऱ्या बाईची ही गत, तर मेरठच्या विणकराची किंवा दिल्लीच्या टांगेवाल्याची काय झाली असेल?

या सगळ्याच्या मुळाशी एक विचित्र प्रश्न होता. माणूस ‘गेला होता’ की ‘निघून गेला होता’? मराठीत या दोन शब्दप्रयोगांत जेवढे अंतर आहे तेवढेच कायद्यातही होते, पण ते मोजायचे कसे? हेतू मनात असतो. मनातले ओळखण्यासाठी अधिकारी बाहेरच्या खुणा शोधत: बायकामुले कुठे आहेत, घर विकले का, पैसे कुठे पाठवले. मुंबईत तर माणूस इथेच असताना त्याचा हेतू तपासला गेला. निष्क्रांत मालमत्तेच्या कायद्यात ‘जाण्याच्या बेतात असलेला’ अशीही एक वर्गवारी होती. इम्पीरियल सिनेमाच्या मुसलमान मालकाविरुद्ध १९४९ च्या अखेरीस कारवाई सुरू झाली. खबर देणारा एक निर्वासित होता आणि लपलेली निष्क्रांत मालमत्ता प्रथम आपणच दाखवून दिली म्हणून ते थिएटर आपल्याला मिळावे, असा त्याचा अर्ज होता. खबर देणाऱ्याचा त्या खबरीत असा थेट फायदा असावा, यावर वेगळे भाष्य नको. प्रकरण वरच्या अधिकाऱ्यापुढे चालू असतानाच मे १९५० मध्ये मालक मुंबईचा मुंबईतच वारला. कस्टोडियन जनरलने त्यानंतर त्याला निष्क्रांत ठरवले! १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मेलेल्या माणसाला निष्क्रांत ठरवता येत नाही.

कोकण-मुंबईच्या मुसलमानांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. मुंबईचे मेमन व्यापारी, कोकणी मुसलमान यांना कराची म्हणजे एकाच सरकारच्या अमलाखालचे दुसरे बंदर. एक भाऊ मुंबईच्या पेढीवर, दुसरा कराचीच्या, असे चाले. अशा माणसाची १९४८ ची एक व्यापारी खेप ‘स्थलांतर’ होती की नाही, हे त्याने स्वतः तरी कसे सांगावे?

न्यायालयांनी सगळीकडे सरकारचीच बाजू घेतली असे मात्र नाही. १९४९ च्या परमिट कायद्याचे सातवे कलम केंद्र सरकारला विलक्षण अधिकार देत होते. विनापरमिट आल्याचा नुसता वाजवी संशय असला तरी माणसाला देशाबाहेर काढण्याचा हुकूम निघू शके; त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची कसलीही सोय नव्हती. मुंबई राज्याविरुद्धच्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये बहुमताने हे कलम भारतीय नागरिकांपुरते अवैध ठरवले. परमिटाविना येणे हा गुन्हा असेल तर शिक्षा करा. पण नागरिकाला त्याच्याच देशातून हद्दपार करणे म्हणजे त्याचे नागरिकत्वच पुसणे. हा निकाल आला तोवर मूळ कायदा रद्दही झाला होता. ऑक्टोबर १९५२ पासून परमिटाची जागा पासपोर्ट आणि व्हिसाने घेतली होती.

पासपोर्टाने नवा पेच आणला. पाकिस्तानात अडकलेल्याला आईला भेटायला भारतात यायचे तर हातात पासपोर्ट हवा, आणि तिथे राहणाऱ्याला मिळणार तो पाकिस्तानचाच. १९५५ चा नागरिकत्व कायदा आणि पुढच्या वर्षीचे नियम आले. पाकिस्तानी पासपोर्ट घेतला की माणसाने स्वखुशीने परदेशी नागरिकत्व स्वीकारले, याचा तो निर्णायक पुरावा मानला जाईल, असे नियमात लिहिले गेले. ‘निर्णायक’ म्हणजे उलट पुरावा ऐकायचाच नाही. १९६२ मध्ये हा नियम सर्वोच्च न्यायालयात टिकला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी लिहिला. मात्र त्याच वर्षी आंध्र प्रदेशच्या एका प्रकरणात न्यायालयाने बजावले की, नागरिकत्व गेले की नाही हे केंद्र सरकारने चौकशी करून ठरवल्याशिवाय राज्याच्या पोलिसांनी कोणाला बाहेर काढू नये. १९६५ मध्ये मद्रासच्या पोलीस आयुक्तांविरुद्धच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. पासपोर्ट स्वेच्छेने घेतलाच नव्हता, दबावाने किंवा फसवणुकीने तो हाती आला, असे कोणी म्हणत असेल तर ते सिद्ध करण्याची वाजवी संधी त्याला मिळाली पाहिजे. सतरा वर्षांनी का होईना, कागदामागच्या माणसाला बोलायला जागा मिळाली.

या रांगेत उभे न राहताही काही जण आत आले. उस्ताद बडे गुलाम अली खाँ कसूरचे. फाळणीनंतर ते पाकिस्तानात राहिले, तिथे त्यांचे मन रमेना. मोरारजी देसाई यांच्या मदतीने १९५७ मध्ये त्यांना भारताचे नागरिकत्व मिळाले आणि मुंबईत मलबार हिलला राहायला बंगला मिळाला. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण दिले गेले. सज्जाद झहीर यांना कम्युनिस्ट पक्षाने १९४८ मध्ये पाकिस्तानात पाठवले. रावळपिंडी कट खटल्यात तुरुंगवास भोगून ते १९५५ मध्ये भारतात परतले आणि इथेच राहिले. या दोघांना जागा मिळाली याचा आनंदच आहे. खाँसाहेबांच्या ठुमरीविना मुंबईच्या मैफिलींचा तो काळ कल्पना करूनही पाहवत नाही. पण याच वर्षांत, याच नियमांखाली, इथे जन्मलेला एखादा शिंपी पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून व्हिसाची मुदत वाढवून मागत होता. सरकारला माणसाकडे पाहून नियम वाकवता येतो, हे खाँसाहेबांच्या उदाहरणाने सिद्ध झाले होते. कोणासाठी वाकवायचा, एवढाच प्रश्न उरला.

गंमत अशी की बराच काळ हे लोक कायद्याच्या भाषेत ‘परदेशी’ही नव्हते. १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याची व्याख्या ब्रिटिश काळातली. ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेला माणूस तिच्यात बसत नसे, मग तो आज कराचीचा असो. १९५७ मध्ये ही व्याख्या बदलली आणि जो भारताचा नागरिक नाही तो परदेशी, असे ठरले. १९५३ मध्ये पाकिस्तानी पासपोर्टावर आलेल्या आणि मुदतीनंतरही राहिलेल्या एका माणसाची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये याच मुद्द्यावर रद्द केली. तो आला तेव्हा परदेशी नव्हताच! नव्या व्याख्येने पळवाट बुजली आणि जुन्या कायद्याचे नववे कलम या लोकांनाही पुरते लागू झाले. त्या कलमानुसार आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर नाही, ज्याच्यावर संशय आहे त्याच्यावर आहे.

२०२५ मध्ये संसदेने १९४६ चा तो कायदा रद्द करून त्याच्या जागी नवा केला. पुराव्याची ही जबाबदारी नव्या कायद्यातही तशीच ठेवलेली आहे.