महामृत्युंजय मंत्र

महामृत्युंजय मंत्र : रुद्राला उद्देशून असलेला वैदिक मंत्र. अन्य नावे : मृत्युंजय मंत्र, त्र्यंबक मंत्र. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील ५९ व्या सूक्ताची ही १२ वी, शेवटची ऋचा. ऋषी वसिष्ठ, छंद अनुष्टुभ. तैत्तिरीय (१.८.६) व वाजसनेयी (३.६०) संहितांतही ती येते. सूक्त मुख्यतः मरुतांचे असून ही ऋचा रुद्राची आहे. शिवाय तिला पदपाठ नाही. त्यामुळे ती मागाहून जोडली गेली असावी, असे काही अभ्यासक मानतात.

अर्थ : सुगंधी, पुष्टिवर्धक त्र्यंबकाचे आम्ही यजन करतो, वाळूक देठातून सुटावे तसे मृत्यूतून सुटावे, अमृतत्वातून नव्हे, असा आशय. ‘त्र्यंबक’ म्हणजे त्रिनेत्र, हा रूढ अर्थ. ‘तीन अंबा असलेला’ असाही अर्थ लावतात.

श्रौत विनियोग : चातुर्मास्य यागांतील साकमेध पर्वात त्र्यंबकहोम असतो. घरातील माणसांइतके पुरोडाश आणि पुढील संततीसाठी एक जादा, असे एकेका कपालावर भाजतात. शतपथ ब्राह्मणानुसार (२.६.२) होम उत्तरेस चव्हाट्यावर, पळसाच्या पानाने होतो. जादा पुरोडाश उंदराने उकरलेल्या मातीत पुरतात, कारण उंदीर हा रुद्राचा पशू. मग ही ऋचा म्हणत अग्नीला प्रदक्षिणा घालतात. कुमारिकाही घालतात, त्यांच्या पाठात मृत्यूऐवजी माहेरच्या बंधनातून सुटका आणि पतिलाभ मागितलेला आहे. उरलेले पुरोडाश वर उडवून झेलतात व टोपल्यांत घालून झाडाला किंवा वेळूला टांगतात. रुद्राने ही शिदोरी घेऊन मूजवत पर्वतापलीकडे जावे, अशी प्रार्थना करून मागे न पाहता परततात.

जप व फल : प्रणव, व्याहृती व बीजाक्षरांचा संपुट देऊन रुद्राक्षमाळेवर जप करतात. नित्यजप १०८, अनुष्ठान सहसा सव्वा लाखाचे. पुढे दशांश हवन. अपमृत्यूचे निवारण, रोगमुक्ती व दीर्घायुष्य ही परंपरेने सांगितलेली फले होत. घरात कोणी अत्यवस्थ असल्यास गुरुजींकरवी जप बसवण्याची चाल महाराष्ट्रात आहे. ऋचेत मात्र रोगाचा उल्लेख नाही.

आख्यान : अल्पायुषी मार्कंडेयाला शिवाने यमापासून वाचवल्याची कथा या मंत्राशी जोडतात.

क्षेत्र : नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. (पहा : रुद्र, साकमेध.)