दरबारातली जान आणि झामोर

फ्रान्सच्या राज्यक्रांतीचा इतिहास वाचताना मी एका बाईपाशी हमखास थांबतो. मादाम द्यू बारी. मूळची जान बेक्यू. १७४३ साली एका गरीब शिवणकाम करणारीच्या पोटी जन्मली. बापाचं नाव नाही. पॅरिसमध्ये कापड-फितींच्या दुकानात कामाला होती. पुढे पंधराव्या लुईचं मन तिच्यावर बसलं. पण दरबारात यायला खानदान हवं! मग जन्माचा खोटा दाखला झाला, एका काउंटशी नावापुरतं लग्न लागलं आणि १७६९ मध्ये व्हर्सायचं दार उघडलं.

बाई दुष्ट नव्हती. देहदंड झालेल्यांसाठी तिने राजापुढे पदर पसरला होता. मात्र तिच्या घरात झामोर होता, बंगालमधल्या चितगावचा, लहानपणीच गुलाम म्हणून विकलेला. त्याला नटवून ती खेळण्यासारखं मिरवी. क्रांतीनंतर त्याच झामोरने तिच्याविरुद्ध साक्ष दिली. ८ डिसेंबर १७९३ रोजी तिला गिलोटिनवर चढवलं. झामोरही १८२० मध्ये पॅरिसमध्ये गरिबीतच गेला.

झामोरला कृतघ्न म्हणणारे पुष्कळ आहेत. माझी जीभ मात्र रेटत नाही. दारिद्र्य भोगलेल्या जानला तरी तो माणूस दिसायला हवा होता.